स्पिनरबेटचा डबा नव्याने बांधताना: आधी पातं, रंग शेवटी

2 मार्च

यंदा स्पिनरबेटचा अख्खा डबा नव्याने बांधायचा ठरवलंय. स्पिनरबेट म्हणजे बास हा मासा धरायचं आमिष, वाकवलेल्या तारेच्या फ्रेमवर खाली वजनाचं डोकं, गळ आणि धाग्यांचा स्कर्ट, वरच्या दांडीवर फिरणारी पाती, आणि हवा तर गळावर मागे जोडायचा मऊ ट्रेलर. तयार घेतलं आणि दोरीला बांधलं असं नाही, फ्रेम थोड्याच ठेवायच्या आणि त्यावर पाती, स्कर्ट, ट्रेलर पाण्याप्रमाणे बदलत राहायचं. आज असेल नसेल तो सगळा माल टेबलावर पसरून लावला. रंगांचा नुसता बाजार भरलाय, पण पाती बघत गेलो तर जवळपास प्रत्येकावर तेच, पुढे लहान गोल पातं म्हणजे कोलोरॅडो, मागे लांबट म्हणजे विलोलीफ, डोकं 3/8 औंस. पाकिटात रंगच आधी डोळ्यात भरतो त्यामुळे रंगावरच निवड होते, साहजिक आहे, पण हातभर खोलीवरचं काही दिसत नाही अशा गढूळ पाण्यात बासला पहिली खबर रंगाने लागत नाही, पात्याच्या धडधडीने लागते. अंगाच्या दोन्ही बाजूंनी जी पार्श्वरेषा असते तिच्यावर पाण्याची हालचाल जाणवते आणि मगच तो वळून बघतो.

म्हणून क्रम असा ठेवणार: आधी पाणी कसं आहे ते, मग त्या पाण्याला कुठलं पातं, मग ते पातं पेलायला डोक्याचं वजन, मग तार. रंग सगळ्यात शेवटी.

5 मार्च

आजची अख्खी संध्याकाळ पात्यांवर गेली आणि जायलाच हवी होती, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे.

कोलोरॅडो जवळपास गोल असतं, फिरताना लांब उघडतं, भरपूर पाणी ढकलतं आणि म्हणून सावकाश फिरतं, एकेक ठोका वेगळा जाणवतो. त्याच वेळी ते सगळं स्पिनरबेट वर उचलत असतं, म्हणजे हळू ओढलं तरी तळाला जाऊन बसत नाही. विलोलीफ लांबट, टोकदार, आपल्या अक्षाला चिकटून सरसर फिरतं, उचल कमी, धडधड कमी, चमक मात्र जबरदस्त. इंडियाना थेंबाच्या आकाराचं, दोघांच्या मधलं. आकाराइतकंच पात्याच्या वाटीला पण महत्त्व आहे, दोन पाती वरून सारखी दिसतात पण एकाची वाटी खोल असेल तर तेच जास्त धडधडतं, त्यामुळे पाती फोटोवरून घेण्यात अर्थ नाही, बोटात धरून आडवी करून बघायची. आणि नंबरवरून दोन प्रकारांची तुलना करायची नाही, 5 नंबरचं विलोलीफ 5 नंबरच्या कोलोरॅडोपेक्षा बरंच लांब असतं.

एकाच 3/8 औंसच्या फ्रेमवर आधी 5 नंबरचं कोलोरॅडो लावून टबमध्ये ओढलं, मग तेच काढून 4 नंबरचं विलोलीफ. कोलोरॅडोवर वेग थोडा वाढवला की डोकं वर येतं आणि अजून वाढवला की सगळंच आडवं पडतं, विलोलीफवर तोच वेग अगदी सरळ जातो. म्हणजे डोक्याचं वजन हे नुसतं खोलीसाठी नाही, पात्याची उचल आणि ओढ दाबून धरायला खाली तेवढा भार लागतो. पातं मोठं केलं की एकतर वजन वाढवा नाहीतर वेग कमी करा, तिसरा रस्ता नाही.

9 मार्च

आज हार्डवेअर. सगळे जुने स्विव्हल, म्हणजे मागचं पातं ज्यावर फिरतं त्या कड्या, तपासले. पद्धत सोपी आहे, पातं लटकवायचं आणि हलकी फुंकर मारायची. बॉल बेअरिंगवालं चांगलं असेल तर फुंकर थांबली तरी फिरत राहतं, साधं बॅरल स्विव्हल अर्धा फेरा मारून थांबतं. वेगात ओढताना हा फरक कळतच नाही, पण थंड पाण्यात जिथे अगदी रेंगाळत ओढायचंय तिथे पातं सुरूच झालं नाही तर पाण्यात नुसतं तारेचं वेटोळं चाललंय. जी अडखळतात ती सगळी बाद, मागच्या पात्यावर सरसकट बॉल बेअरिंग.

पुढच्या पात्याचं क्लेव्हिस, म्हणजे पातं तारेवर अडकवणारी कडी, पण बघितलं. पत्र्याचं दुमडलेलं असेल तर त्याची कड तारेवर घासते, गोल तारेचं रिकिबीसारखं असतं ते मोकळं फिरतं. क्लेव्हिसच्या मागे मणी लागतातच, शेवटचा मणी बेअरिंगसारखं काम करतो. पुढच्या पात्याचं टोक मागच्या पात्यावर आपटणार नाही एवढं अंतर मण्यांनी भरून काढायचं. पुढचं पातं बसवताना वाटीची आतली बाजू तारेकडे, फुगीर बाजू बाहेर.

16 मार्च

पहिल्यांदा पाण्यावर. ओढा जिथे तळ्यात येतो तो कोपरा, पाणी चहासारखं, तापमान 9 अंश. मुद्दाम इथेच गेलो.

लावलं काय, तर 3/8 औंस, एकच कोलोरॅडो 5 नंबर, सोनेरी. एकच पातं असलं की ठोका स्वच्छ येतो, दोन पाती एकमेकांचं पाणी कापतात. टाकलं, बुडू दिलं, आणि रीळ इतकं हळू फिरवलं की रॉडचं टोक प्रत्येक फेऱ्याला थरथरताना दिसत होतं. हेच बघत राहायचं. टोकाची थरथर सुरू आहे म्हणजे पातं फिरतंय, थरथर थांबली म्हणजे एकतर पात्यात काडी अडकली नाहीतर काहीतरी मागून येऊन पातं थांबवलंय. थंड पाण्यात हिसका बसेलच असं नाही, बास मागून येऊन तोंडात घेतो आणि त्याच दिशेने पोहत राहतो, हाताला फक्त धडधड गेल्याचं कळतं. आज तसंच झालं, बुडालेल्या झाडाच्या बुंध्यावरून येता येता टोक एकदम शांत झालं, मी रॉड मागे घेतला आणि वजन लागलं. चांगला जाडजूड मासा, सोडून दिला.

मग त्याच जागेवर टँडेम, म्हणजे पुढे कोलोरॅडो मागे विलोलीफवालं लावून बघितलं. त्याच सावकाश वेगात ते तळाच्या काटक्यांत जाऊन बसतं कारण उचल कमी. वेग वाढवला की वर येतं, पण मग या तापमानाला माशाला झेपेल असा वेग राहत नाही. दोष टँडेमचा नाही, त्याचं पाणीच वेगळं.

23 मार्च

डोकी ओतली. शिसं वापरायचं नाही हे आधीच ठरलं होतं, तुटून पाण्यात राहिलेलं शिसं लून सारखे पाणपक्षी गिळतात आणि शिशाच्या विषबाधेने मरतात, हे डोळ्यासमोर असताना हात होत नाही. टंगस्टन जड आणि उत्तम, पण ते 3400 अंशांच्या वर वितळतं, घरी शक्य नाही. म्हणून बिस्मथ आणि कथिलाचा मिश्रधातू, 58 टक्के बिस्मथ 42 टक्के कथील, 138 अंशांना वितळतो, शिशाला 327 लागतात.

यात एक हिशोब लक्षात ठेवायचा. शिशाची घनता 11.3, या मिश्रधातूची साधारण 8.6, म्हणजे साचा 1/2 औंसचा असेल तर बाहेर येणारं डोकं जेमतेम 3/8 औंसचं. मला हे सोयीचंच पडलं, डोकं थोडं मोठं दिसतं आणि वजन पाहिजे तेवढंच. पण 3/4 हवं असेल तर 1 औंसचा साचा लागतो आणि डोकं फारच ढब्बू होतं, काटक्यांत अडकतं, त्यामुळे जड डोकी तयार टंगस्टनचीच घेईन.

साचा आणि पळी पूर्ण कोरडी, पाण्याचा थेंब गरम धातूत पडला तर उडतो. आणि शिसं ओतलेलं भांडं यासाठी वापरायचं नाही, शिसं मिसळलं की वितळबिंदू अजून खूप खाली उतरतो. दारं-खिडक्या सताड उघडी ठेवून काम केलं.

24 मार्च

रंगाबद्दल छोटीशीच पण महत्त्वाची नोंद. डोक्यांना पावडर पेंट लावून ओव्हनमध्ये पक्का करतात, साधारण 175 अंशांना. हे डोकं 138 लाच वितळतं, म्हणजे ओव्हनमध्ये तारेवरून ओघळून खाली येईल. त्यामुळे हवेत वाळणारा रंग आणि वर इपॉक्सीचा थर. डोळे चिकटवलेत, बास डोळ्यावर हल्ला करतो वगैरे म्हणतात त्याच्यावर माझा फार भर नाही, पण इपॉक्सीखाली डोळा छान बसतो आणि बघायला आवडतं.

6 एप्रिल

तार. हा भाग कोणी नीट सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

नेहमीच्या फ्रेमला 0.035 इंचाची स्टेनलेस तार. पातळ, म्हणजे 0.030 ते 0.032 घेतली तर पात्याची धडधड डोक्यापर्यंत आणि स्कर्टपर्यंत पोचते, सगळं अंग थरथरतं, पण मासा लागला की वाकते आणि वाकवून सरळ करत राहिलं की एक दिवस दोरी बांधायच्या आर आकाराच्या वळणावर नाहीतर डोक्यातून निघते तिथे तुटते. तेच तेच वळण मागे-पुढे केलं की धातू तिथे कडक होत जातो, मग काडकन जातो. जाड 0.040 टिकते, झाडाझुडपात चांगली, पण धडधड मेल्यासारखी येते. टायटॅनियमची तार वाकली तरी परत जागेवर येते, मात्र त्याच कारणाने हाताने वाकवून ट्यूनिंग करता येत नाही, फॅक्टरीत जशी बसली तशी. मी स्टेनलेसच घेतोय, गढूळ पाण्याच्या एकेरी कोलोरॅडोला पातळ, बाकीला 0.035.

ट्यूनिंग असं: समोरून बघायचं, वरची तार आणि गळ एकाच प्रतलात पाहिजेत. मग काठाशी जोरात ओढून बघायचं. एका बाजूला कलंडत असेल तर वरची तार उलट बाजूला अगदी किंचित वाकवायची, परत ओढायचं, परत बघायचं. पक्कड तारेला सरळ दातांनी लावायची नाही, दातांचा ओरखडा पडला की तिथूनच तुटणार, मी जबड्याला चामड्याचा तुकडा लावलाय. वरच्या तारेची लांबी एवढी की मागच्या पात्याची शेपटी गळाच्या टोकाच्या साधारण वरती येईल. त्याहून लांब असेल तर पातं गळाला काटक्यांपासून चांगलं वाचवतं पण माशालाही गळापासून वाचवतं. प्रत्येक माशानंतर दोन्ही दांड्या एकमेकींकडे दबतात, पुढची फेक टाकायच्या आधी परत उघडायच्या.

दोरी बांधायची जागा उघड्या आर-वळणाची ठेवली, बंद कडी नाही. उघड्या वळणात धडधड जास्त येते. मात्र इथे स्नॅप, म्हणजे दोरीच्या टोकाची उघडबंद कडी, लावायचा नाही, तो तारेवरून वर सरकून पात्यात जातो. वेणीची दोरी असेल तर गाठ हलू नये म्हणून वळणावर रबरी नळीचा बारीक तुकडा चढवतोय.

20 एप्रिल

आता रंगाची पाळी आली. 2019 मध्ये इलिनॉयच्या संशोधकांचं बासच्या दृष्टीवर काम प्रसिद्ध झालं, त्यात दिसलं की लार्जमाउथ बासच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या शंकूपेशी आहेत, एक हिरव्याला आणि एक लालला प्रतिसाद देणारी. लाल आणि हिरवा तो छान ओळखतो, पण शार्ट्रूझ (पोपटी-पिवळा) आणि पांढरा यात त्याचा गोंधळ होतो, तसाच निळा आणि काळा यात. हे प्रयोग स्वच्छ पाण्यात, जवळून दाखवलेल्या रंगांवरचे, तळ्यात खोली आणि गढूळपणा वेगळं काहीतरी करतातच. तरी डब्यासाठी मला यातून सरळ निर्णय घेता आला. पांढरा, शार्ट्रूझ आणि दोन्हीचं मिश्रण असे तीन स्कर्ट प्रत्येक वजनात ठेवायची गरज नाही, पांढरा ठेवला आणि गढूळ पाण्यासाठी त्यातच थोडे शार्ट्रूझ धागे बांधले. निळा-काळा आणि नुसता काळा यातला एकच, काळा. त्या जागेत हिरवट-तपकिरी, ब्लूगिल या लहान माशासारखा एक आला ज्यात गळ्याशी केशरी धागे आहेत.

स्कर्ट स्वतः बांधले. सिलिकॉनचे धागे डोक्याच्या मानेवर पसरून पातळ तांब्याच्या तारेने आवळले, रबरी पट्टीने नाही, पट्टी उन्हाने चिरते आणि स्कर्ट गळाच्या वळणावर उतरून बसतो. काही धागे मुद्दाम उलटे, तोंडाकडे करून बांधले म्हणजे पाण्याच्या दाबाने मागे वळतात आणि अंग फुगतं, थांबवलं की उघडतात. धागे पातळ करणं हे मला रंगापेक्षा महत्त्वाचं वाटतं, नितळ पाण्यात मूठभर धागे उपटून काढले की आरपार दिसतं, छोट्या माशासारखं. लांबी गळाच्या वळणाच्या मागे बोटाच्या पेराएवढी, बस.

11 मे

काठाजवळ घरटी दिसायला लागलीत, पाणी 18 अंश. घरट्यावर राखणीला बसलेल्या नराला उचलला तर तेवढ्यात ब्लूगिल येऊन अंडी-पिल्लं फस्त करतात. तिथे फेक टाकत नाही. बाहेरच्या कडेने फिरलो, काही खास नाही.

1 जून

पाणगवत वर आलंय. गवताच्या माथ्यावरून ओढायला टँडेम आता आपल्या जागी आलं, 3/8 औंस, पुढे 3 नंबर कोलोरॅडो, मागे 4 नंबर विलोलीफ. विलोलीफ अरुंद फिरतं म्हणून गवतातून निसटतं, पुढचं लहान कोलोरॅडो थोडी उचल देतं, दोघं मिळून बरोबर गवताच्या टोकांवरून जातं. एकेरी मोठं कोलोरॅडो इथे प्रत्येक फेकीला गवताची जुडी घेऊन येतं.

ट्रेलर लावून आणि न लावता दोन्ही करून बघितलं. पॅडल शेपटीचा मऊ ट्रेलर लावला की अंग भरतं पण उचलही वाढते, तोच खोलीचा पट्टा धरायला जरा हळू ओढावं लागतं. जिथे मासे नुसते मागे येऊन वळतायत तिथे ट्रेलर काढून मागचा जादा गळ लावला, त्याच्या डोळ्यावर नळीचा तुकडा ठेवून मुख्य गळाच्या काट्यावरून दाबून बसवला म्हणजे निघत नाही. उघड्या पाण्यात याने सुटणारे मासे राहतात. गवतात आणि फांद्यांत मात्र तो लगेच काढावा.

आणि धडकवणं. बुंध्याला, खांबाला, दगडाला मुद्दाम आपटवायचं. पाती क्षणभर अडखळतात, स्कर्ट फुलतो, आणि बहुतेक हिसके तिथेच बसतात. सरळ रेषेत शांतपणे आलेलं स्पिनरबेट बास बघून सोडून देतो.

29 जून

पाणी नितळ, ऊन लख्ख, वर वाऱ्याच्या बारीक लाटा. याच्यासाठी बांधलेलं दोन विलोलीफवालं काढलं, 3/4 औंस टंगस्टन डोकं पण पाती मुद्दाम लहान, 3 आणि 4 नंबर, चंदेरी. जड डोकं आणि लहान पाती, याचं कारण वेग. पृष्ठभागाच्या जरा खाली झपाट्याने ओढायचं, माशाला निरखून बघायला वेळच द्यायचा नाही, आणि तरी आडवं पडता कामा नये. मोठी पाती असती तर या वेगाला उलटंच झालं असतं.

गुळगुळीत पात्यांचा आरशासारखा एकच झोत येतो, तो इतक्या स्वच्छ पाण्यात मला फार कडक वाटला, म्हणून जोडीतलं मागचं पातं घरी ठोकून घेतलं. जाड लाकडावर पातं पालथं ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने हलके हलके ठोके, कडेकडून मध्याकडे, जोर लावला तर वाटी सपाट होते आणि पातं फिरायलाच नकार देतं. ठोके देताना जॉन हिल्डेब्रांटची आठवण झालीच, इंडियाना राज्यातल्या लोगन्सपोर्टचा हा माणूस, 1899 मध्ये त्याने फिरत्या पात्यांचा धंदा सुरू केला आणि पहिलं पातं चांदीचं नाणं ठोकून केलं असं सांगतात. हातोडी आणि वाटी, मूळ काम आजही तेच आहे. ठोकलेलं पातं पाण्यात चमक तुकड्यातुकड्यांत फेकतं, छोट्या माशांचा थवा वळताना जसं लुकलुकतं तसं. वारा पडला आणि पाणी आरशासारखं झालं तेव्हा मात्र याने काही केलं नाही, स्पिनरबेटला वारा लागतो हे खरंच आहे.

17 ऑगस्ट

रात्रीचं स्पिनरबेट. दिवसा पाणी फार गरम, मासे रात्री उथळावर येतात. 1/2 औंस, काळं डोकं, काळा स्कर्ट, काळंच एकेरी कोलोरॅडो 6 नंबर. खालून बघणाऱ्या माशाला आकाशाच्या उजेडावर काळी आकृती सगळ्यात ठळक दिसते आणि चमकेला रात्री काही काम नाही. वरची तार कापून आखूड केली, म्हणजे काठाच्या उतारावरून टप्प्याटप्प्याने सोडताना पातं डोक्यावर हेलिकॉप्टरसारखं फिरत खाली जातं. लांब तारेवर पडताना पातं दोरीत गुंतत होतं. दोरी पूर्ण ढिली नाही, हलकी ताणलेली, कारण घास नेहमी पडतानाच येतो. आखूड तारेने काटक्यांपासून संरक्षण कमी झालंय, त्यामुळे हे फक्त दगडी उताराला.

28 सप्टेंबर

शॅड या छोट्या माशांचे थवे ओढ्यांच्या तोंडाशी आलेत, बास मागोमाग. इथे आकार जुळवणं बाकी सगळ्यापेक्षा वरचढ ठरलं. बासने वर ओकलेला शॅड बघितला, जेमतेम बोटाएवढा, आणि मी ओढत होतो ते त्याच्या दुप्पट. मागचं विलोलीफ 4 वरून 3 वर आणलं, ट्रेलर काढला, स्कर्ट आखूड केला, डोकं तेच 1/2 ठेवलं. तेवढ्या बदलाने मागे येऊन वळणारे मासे घ्यायला लागले. रंगाला हातही लावला नाही, पांढराच.

हिवाळ्याआधी करायचं: सगळी बॉल बेअरिंग काढून कोरडी करून तेलाचा थेंब, पातळ तारेच्या फ्रेमची आर-वळणं भिंगाखाली बघायची आणि चीर दिसेल ती फ्रेम मोडीत काढून पाती वाचवायची. खोल कडांवर तळाशी रेंगाळत ओढायला 1 औंसवर एकेरी 5 नंबर इंडियाना बांधायचं राहिलंय, कोलोरॅडो तिथे फार उचलतं आणि विलोलीफ थंडीत फार गप्प, म्हणून इंडियाना. डोकं टंगस्टन, तार 0.035, स्कर्ट पातळ पांढरा.